मधली एक ओळ

रविवारी सकाळी दहापासून कासारवाडीतल्या त्या दोन खोल्यांत एकच खटाटोप चालला होता. ज्योतीरामच्या लॅपटॉपला बोलतं करायचं होतं.

त्याची बायको तनुजा लॅपटॉपपुढे बसली होती. शेजारी मोबाईल स्पीकरवर ठेवलेला आणि त्यातून कुसुमताई एकेक पायरी सांगत होत्या. कुसुमताई भोसरीत अंध माणसांना कॉम्प्युटर शिकवायच्या आणि स्वतः जन्मापासून आंधळ्या होत्या. म्हणजे बघा, सांगणारीला दिसत नव्हतं, करणारीला इंग्रजी लावून लावून वाचावं लागत होतं, आणि ज्याला यातलं सगळं कळत होतं तो ज्योतीराम मांडीवर हात ठेवून नुसता ऐकत बसला होता.

"आधी आवाजाचं इंजिन, मग लिहायचा एडिटर, मग दोघांना जोडणारा तिसरा भाग," कुसुमताई सांगत होत्या. "क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. खाली निळी पट्टी सरकतेय का?"

"सरकतेय. पण गोगलगायीनं."

"सरकू दे. तोवर चहा घ्या."

चहा झाला. ज्योतीरामचा बिनसाखरेचा, तोही आता. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. मधुमेहाने आधी उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं, मग डाव्या. लेझर झालं, सुया झाल्या. गेल्या जुलैत डावाही मिटला आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो घरी बसला.

चाकणच्या वर्कशॉपचे मालक जयसिंगराव सात महिने थांबले होते. एवढं हल्ली सख्खा भाऊ थांबत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी फोन करून सांगितलं, "सोमवारी ये. ड्रॉइंगची मापं कुणीतरी वाचून दाखवेल. पंप कव्हरचा प्रोग्रॅम तू लिहून दाखव. मशीनवर चालला, तर तुझी खुर्ची तुझी. नाही जमलं तर मग माझाही इलाज नाही." तो सोमवार उद्या होता. भूम तालुक्यातलं गाव सोडून अठरा वर्षांत या माणसाने जे काही उभं केलं होतं, ते त्या खुर्चीवर होतं.

ज्योतीरामचं काम मशीनसाठी प्रोग्रॅम लिहायचं. नाव मोठं असलं तरी प्रोग्रॅम म्हणजे साधी लिहिलेली फाइल असते, एका ओळीत मशीनला एक हुकूम. कटर इथे ने. इतका खाली घे. इतकं काप. वर घे. आता बाजूला सरक. मशीन मोठं आज्ञाधारक असतं, लिहिलंय ते करतं आणि लिहिलं नाही ते करत नाही. कंसात लिहिलेलं मात्र ते वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. ज्योतीराम प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कंसात 'श्री' लिहायचा. मशीनला देवाचं काय, पण याला त्याशिवाय बोटच चालायचं नाही. आणि त्या शॉपचा एक दंडक होता: मशीनवर उभं राहून कुणी प्रोग्रॅममध्ये काही बदललं, तर त्याने त्या जागी कंसात आपलं नाव टाकायचं. म्हणजे उद्या काही झालं तर हात कुणाचा ते कळतं.

तसं एकदा झालं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, याच पंप कव्हरवर.

त्या मशीनवर गेनू होता. गेनू चाकणजवळच्या एका वाडीचा, घरचं दोन एकर रान असलेला, कंत्राटी ऑपरेटर. दहा वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं. त्या दिवशी कटर वर न उचलताच आडवा सरकला. आडवा सरकून क्लॅम्पवर आदळला आणि त्यात धरलेला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, उडाला. मशीनचं दार उघडं असेल तर मशीन थांबावं म्हणून स्विच असतो, पण दर जॉबला दार लावण्यात वेळ जातो म्हणून तो स्विच तारेने बांधून ठेवलेला होता. उडालेला जॉब गेनूच्या उजव्या हातावर बसला. हात वाचला, पण तीन बोटं पुन्हा वाकली नाहीत.

चौकशी झाली. सुपरवायझरने मशीनवरची फाइल पाहिली. कटर वर घेण्याची ओळ गायब होती आणि त्या जागी कंसात गेनूचं नाव होतं. गेनूनेही कबूल केलं, की दुसरं काही खोडताना ती चुकून खोडली गेली. त्याला काढून टाकलं. 'प्रोग्रॅममध्ये हात घालणारा ऑपरेटर' हे नाव चाकणभर त्याच्या आधी पोचलं, आणि ताठ बोटांच्या माणसाला तसंही कोण घेणार होतं.

ज्योतीराम त्याला दवाखान्यात भेटायला गेला होता. गेला तो चिडून गेला. "माझ्या प्रोग्रॅमला हात लावायची काय गरज होती? एक शब्द विचारायचा तरी," असं तो त्या प्लास्टर घातलेल्या माणसाला म्हणाला होता. गेनू म्हणाला, "चुकलं राव." एवढंच. आणि खरं सांगायचं तर बाहेर पडताना ज्योतीरामचा जीव भांड्यात पडला होता. कारण तेव्हा त्याचा उजवा डोळा गेलेला होता, डाव्यात काळी जाळी तरंगत होती, आणि हे फक्त दोघांना माहीत होतं. एक तनुजा. दुसरा गेनू, जो गेले काही महिने गुपचूप त्याला ड्रॉइंगवरची बारीक मापं वाचून द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तनुजाच म्हणाली होती. खोल्यांचा हप्ता चालू होता, तिचं काय चुकलं?

"झालं बघा ताई," तनुजा म्हणाली. "फिनिश दाबलं."

"आता लिहायची खिडकी उघडा आणि काहीही टाइप करा."

तनुजाने टाइप केलं. लॅपटॉप मुका. पुन्हा टाइप केलं. मुकाच. कुसुमताईंनी तीन ठिकाणचे तीन उपाय सांगितले, लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला, तासभर गेला. ज्योतीरामच्या कपाळावर घाम आला. उद्यापर्यंत हे झालं नाही तर तो चाकणला कोणत्या तोंडाने जाणार होता?

"अहो, रात्री यावर गाणी ऐकून झाली की तुम्ही याचा आवाज बंद करून ठेवता ना?" तनुजा एकदम म्हणाली. "तो अजून बंदच हाय."

कुसुमताई पलीकडून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तनुजाने आवाज वाढवला आणि लॅपटॉपमधून एक सपाट, कोरडा, कुणाचाच नसलेला आवाज आला: ए. एस. डी. एफ.

ज्योतीराम ताठ झाला. त्याने हात पुढे करून कीबोर्ड चाचपला, एफ आणि जेवरचे उंचवटे बोटांना लागले आणि मग बोटं आपोआप जागेवर गेली. त्याने आपलं नाव लिहिलं. आवाजाने एकेक अक्षर म्हणून दाखवलं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याने लिहिलेलं त्याला परत मिळालं. तो रडला, आणि रडतोय हे लपवायची त्याला गरजही वाटली नाही.

"आता सेटिंगमध्ये जाऊन सगळी चिन्हं वाचायला सांगा त्याला," कुसुमताई म्हणाल्या. "टिंब, वजा, कंस, सगळं. तुमच्या कामात तेच लागेल. उद्या कळवा मला." आणि त्यांनी फोन ठेवला.

ज्योतीरामला आता दम निघेना. किल्ल्यांच्या जुडग्यात काळ्या दोऱ्याने बांधलेला पेन ड्राइव्ह त्याने तनुजाच्या हातात दिला. प्रोग्रॅम मशीनवर पाठवायच्या आधी त्याची एक प्रत तो नेहमी त्यात ठेवायचा. पंप कव्हरची शेवटची प्रत त्यात होती. उद्या तेच लिहायचं होतं, तर आज एकदा कानाखालून घालावं.

तनुजाने फाइल उघडली. ज्योतीरामने बाण दाबला.

कंस. श्री. कंस पूर्ण.

तो हसला. मग ओळीमागून ओळ. मापं त्याला पाठ होती, आवाजाच्या अर्धा शब्द आधी तो ती पुटपुटत होता. कटर पहिल्या खिशावर, म्हणजे कोरायच्या खळग्यावर, नेला. खाली बारा मिलिमीटर. कापलं, वळला, कापलं, वळला. खिसा पूर्ण. आता कटर वर पन्नास, तो पुटपुटला.

आवाज म्हणाला, एक्स एकशेवीस. म्हणजे थेट बाजूला सरक.

ज्योतीराम थांबला. त्याने बाण वर दाबला. खिसा पूर्ण. बाण खाली. एक्स एकशेवीस. वर, खाली. वर, खाली. मध्ये ओळ नव्हती.

"तनुजा, इथे कंसात कुणाचं नाव हाय का?"

"न्हाई."

"नीट बघ. गेनूचं?"

"पूर्ण फाइलीत कुणाचंच न्हाई. वर श्री हाय तेवढंच. काय झालं?"

ही प्रत त्याने मशीनवर पाठवायच्या आधी घेतलेली होती. गेनूच्या हातात फाइल पडली तेव्हाच ती ओळ त्यात नव्हती. डाव्या डोळ्यातल्या जाळीमागे त्याच्याच बोटाने ती खोडली होती, आणि त्याला ती गेलेली दिसली नव्हती. मग मशीनवर गेनूचं नाव कुठून आलं?

त्याने फोन मागून घेतला. गेनूने उचलला तेव्हा पलीकडे कांदा निवडणाऱ्या बायकांचा कालवा होता.

"गेनू, ओळ नव्हती रे फाइलीत."

पलीकडे तो चालत लांब गेला असावा, कारण बायकांचा आवाज बारीक होत गेला.

"आता कशाला उकरतो राव?"

"नाव कधी घातलंस?"

"सुपरवायझर यायच्या आधी. डाव्या हातानं. उजवा फडक्यात गुंडाळला हुता. डाव्यानं बटनं सापडंनात. चार अक्षरं, पण लई येळ लागला."

"का पण?"

"तुझं नाव आलं असतं तर पयले तुझं डोळं तपासलं असतं त्यांनी. मला रान तरी हाय. आन् मला वाटलं, हात व्हईल बरा." मग तो घाईने म्हणाला, "ती फाइल खोडून टाक. उद्या तुझी परीक्षा हाय म्हनं. चांगली दे."

"मी तुला दवाखान्यात काय बोललो..."

"त्ये ऱ्हाऊ दे," गेनू म्हणाला. "आमी इथं कांद्यात हाय. ठेवतो."

तनुजाने सगळं ऐकलं होतं, फोन तिने स्पीकरवरच लावून दिला होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली. भात लावला, शिट्ट्या झाल्या, तिने त्याला हाक मारली नाही. ज्योतीरामला कळत होतं की ती काय विचार करतेय, कारण तोही तोच करत होता. फाइल खोडायला एक बटण पुरत होतं. उद्या खुर्ची मिळाली असती. गेनू स्वतःच तसं म्हणाला होता, आणि गेनूची बोटं काही केल्या वाकणार नव्हती. हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही त्याला गिळवत नव्हतं. डाव्या हाताने बटणं शोधणारा गेनू त्याला दिसत होता. इतकं स्वच्छ त्याला कित्येक महिन्यांत काही दिसलं नव्हतं.

त्याने नवी फाइल उघडली. सवयीने आधी कंसात श्री. मग शॉपमधले सगळे लिहायचे तशी, इंग्रजी अक्षरांत मराठी. आवाज त्याच्या मागून एकेक अक्षर म्हणत गेला. लिहायला पाऊण तास लागला. मग त्याने तनुजाला बोलावलं आणि पहिल्यापासून वाचायचं बटण दाबलं.

'जयसिंगराव यांस नमस्कार. पंप कव्हरच्या प्रोग्रॅममधली ओळ माझ्याकडून गेली होती. गेनूने फाइलला हात लावला नव्हता. नाव त्याने नंतर टाकलं, मला वाचवायला. माझी प्रत सोबत आहे. चौकशी पुन्हा करावी आणि त्याचं नाव मोकळं करावं.'

तनुजा दारात उभी होती. हे पत्र पोचलं की उद्या परीक्षा उरणार नव्हती, हे तिला सांगावं लागलं नाही.

"काही राहिलं का?" ज्योतीरामने विचारलं.

ती जवळ आली, त्याच्या शेजारी बसली. तिचा हात त्याच्या हाताला लागला, ओला आणि तांदळाचा.

"राहिलंय," ती म्हणाली. "डोळ्यांचं राहिलंय. अर्धं कशाला पाठवता? लिहा, की घरी ठाऊक होतं. बायकोनंच लपवायला सांगितलं म्हणून लिहा."

"तुझं नाव घालायचं नाही."

"मग तुमचं तरी घाला."

त्याने बोटं पुन्हा उंचवट्यांवर नेली. सावकाश, प्रत्येक अक्षर ऐकत, त्याने शेवटची ओळ लिहिली आणि ती वाचायचं बटण दाबलं.

'त्या दिवशी मला दिसत नव्हतं,' आवाज म्हणाला. त्या घरात हे वाक्य कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. मग पुढे काही लिहिलेलं नव्हतं म्हणून तो गप्प झाला.