सरूबाईंच्या हाती लागलेली परदेशी पिशवी

मी दोन चाकांची पिशवी. जाड निळं कापड, वर धरायला दांडा. शिवली कुठे गेले ते आठवत नाही. आठवतं ते जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरातलं दुकान. तिथून मोनालीने मला घरी आणलं. मोनालीचं माहेर शिरूर, सासर दौंड तालुक्यातलं भांडगाव. नवरा सत्यजीत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. कंपनी पाठवेल त्या देशात यांचा संसार.

तिथल्या सुपरमार्केटात मला थेट आत नेता यायचं. निघताना गल्ल्यावरची बाई माझ्यात डोकावून बघायची, काही राहिलं नाही ना म्हणून. सामान ती इतक्या भराभर पुढे सरकवायची, की मोनालीची धांदल उडायची. पण मोनाली दुकानात बोलायची मात्र नाही. जर्मनचा वर्ग करूनही, वाक्य चुकलं तर लोक हसतील ही धास्ती. वस्तू सापडली नाही, तर तशीच परत यायची.

मग ऋतिका जन्मली. बाळंतपणाला भांडगावहून सासूबाई आल्या, सरूबाई. मोनालीला दूध पुरत नव्हतं. बाळ रडायचं आणि मोनाली भिंतीकडे तोंड करून बसायची. दूध वाढावं म्हणून सरूबाईंना तिच्यासाठी शेपू हवा होता.

"इथे कुठला शेपू, आई?"

"तू बघितलास का?"

"नाही."

"मग न्हाई कसं म्हंतीस?"

लुगड्यावर सत्यजीतचा कोट चढवून, मला ओढत सरूबाई कोपऱ्यावरच्या दुकानात शिरल्या. प्रत्येक हिरव्या पाल्याला नाक लावून बघू लागल्या. लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एका बारक्या जुडीपाशी त्या थबकल्या. शेपूच! होता नव्हता तेवढा त्यांनी उचलला.

तिकडे शेपू चिमूटभर, तोही मासळीवर घालतात. गल्ल्यावरची बाई चक्रावली. काहीतरी विचारलं तिने.

"सून बाळंतीण हाय माझी," सरूबाईंनी सरळ मराठीत सांगितलं. हातांचा पाळणा करून हलवला, मग छातीवर हात ठेवून मान हलवली. "दूध पुरंना."

बाई उठली. रांग तशीच सोडून सरूबाईंना आतल्या फळीपाशी घेऊन गेली आणि चहाच्या पुड्यांचा एक खोका हातात ठेवला. सरूबाईंनी तो हुंगला. बडीशेप! बाईने पिण्याची खूण केली, मग तिनेही पाळणा हलवला.

"म्हंजी तुमच्यातबी हायच की ह्ये!" सरूबाई हरखल्या.

दूध शेपूने वाढलं, का त्या चहाने, मला सांगता यायचं नाही. पण ऋतिका पोटभर पिऊन झोपू लागली.

पुढे सत्यजीतची बदली जपानला झाली, नागोयात. तिथे खरेदी दुकानाच्याच टोपलीत करायची. पैसे दिल्यावर शेजारच्या टेबलाशी उभं राहून मला भरायचं. एकेक फळ जाळीच्या टोपड्यात निजलेलं. दाबून बघायची कुणाची छाती नाही. गल्ल्यावरची मुलगी वाकायची, मोनालीही वाकायची. बोलणं तेवढंच.

नंतर कंपनीने मेक्सिकोला धाडलं. सामानात मी बसेना, म्हणून मला गावी आणलं. वाटेत शिरूरच्या नव्या सुपरमार्केटात रखवालदाराने मला दारातच ठेवून घेतलं, बदल्यात नंबराचा बिल्ला दिला. जर्मनीत संशय बाहेर पडताना, इथे आत जायच्या आधीच! पण पुढे भाजीबाजारात मोनाली मेथीवालीशी अशी काही भांडली आणि हसली, की मी थक्क झाले. एवढा आवाज होता हिच्यात?

तेव्हापासून मी सरूबाईंची. आज सकाळी मोनालीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती, आणि ती सुपरमार्केटात होती. सरूबाईंना प्रत्येक फळी बघायची असते. एका ठिकाणी हिरव्या चपट्या पानांचा ढीग, आणि एक बाई सुरीने काटे तासत बसलेली.

"आगं, ह्यो तर आपल्या बांधावरचा निवडुंग! खात्यात व्हय?"

"आता निवडुंग खायला घालती का काय?" मागून सासरे मारुतराव म्हणाले.

"मोनाली, इचार की तिला, कसा करत्यात."

"नको आई. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं. घरी जाऊन मोबाईलवर बघते."

"मोबाईलनं खाल्लाय व्हय निवडुंग कवा? तिलाच इचार."

चित्र हललं. मग मोनालीचा आवाज आला, अडखळत. मध्येच तुटला, पुन्हा सुरू झाला. ती बाई खळखळून हसली. पण हसता हसताच तिने सुरी मोबाईलसमोर धरली आणि कापून, मीठ चोळून दाखवू लागली. सरूबाई मराठीत विचारत होत्या, बाई स्पॅनिशमध्ये सांगत होती, आणि मधे मोनाली दोन्हीकडे बोलत होती, चुकत, हसत, न थांबता.

ऊन तापायच्या आत सरूबाई मला ओढत बांधावर निघाल्या. मारुतराव कुरकुरत, पण विळा घेऊन मागे.

आता माझा निळा रंग विटलाय, एक चाक लंगडतंय, अस्तरात बारीक काटे रुतलेत. हात घालाल तर जपून. आणि कुठल्याही मुलखातल्या दुकानात एखादी वस्तू कळली नाही, तर शेजारच्या माणसाला विचारा. येते मी. चुलीवर निवडुंग चढलाय, आणि मीठ किती घालायचं म्हणून सरूबाई पुन्हा फोन लावताहेत.