मासोळ्यांची कणीक

घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की बाई दवाखान्याच्या जोडीनं देवाचीही पायरी चढते. तुमच्या-आमच्या घरांत हेच चालत आलं आहे. तानुबाईनंही तेच केलं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. देऊळगाव राजाच्या अलीकडच्या एका खेड्यात तिचा नवरा इंद्रभान क्षयानं झिजत होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, शेजारणींनी नेम सांगितला. सव्वा महिना रोज सकाळी महादेवाच्या तळ्यात मासोळ्यांना शेरभर कणकेच्या गोळ्या टाकायच्या.

गोळ्या टाकताना ती ओठातल्या ओठात म्हणे,

मूठभर कणीक देते तळ्याच्या मासोळीले
कुंकवाचं दान मागते तिच्या निळ्या ओंजळीले

इंद्रभानचा खोकला जरा उतरला. झालं! गावभर बोभाटा. कुणाला लेकरू हवं, कुणाचा खटला अडलेला. तीस घरांची कणीक तळ्यात पडू लागली. बघता बघता पाणी हिरवं झालं. मग त्यावर दाट साय धरली, तिला उग्र वास सुटला.

"पाह्यलं का वं," शेजारची सरस्वतीबाई म्हणाली, "तळ्यानं हिरवं लुगडं नेसलं! देव पावला!"

आणि एका पहाटे तानुबाई पायरीवरच थबकली. पाण्यातल्या गोगलगाई पाणी सोडून दगडावर चढल्या होत्या. झिंगे काठाला पांढरे होऊन पडले होते. बोटभर मासोळ्या तोंडं वर काढून आ-आ करत होत्या, अगदी इंद्रभान रात्री उशीवर करायचा तसं. गोळ्यांची परात तिनं पायरीवर ठेवली.

"माह्या नेमात काय चुकलं वं माय!"

म्हातारा कडूबा भोई खांद्यावरचं जाळं न काढताच काठाला उभा होता. सारं आयुष्य त्याचं याच पाण्यावर गेलेलं.

"नेमात नाही, बाई. कणकेत चुकलं."

"असं काऊन बोलता, भाऊ? मी तं त्याइचं पोट भरून राह्यली."

"बोटभर मासोळी, तिचं पोट केवढं? खाते ते चिमटीभर. बाकी बुडाशी सडते, अन् त्या सडीवर हे शेवाळ पोसते. ऊन हाय तोवर पाण्यात दम असते. रातभर हे शेवाळ अन् ती सड मिळून पाण्यातली हवा खाऊन टाकते. म्हणून मरण पहाटे येते. मोठा मरळ मासा वर येऊन हवा गिळते. झिंग्यानं काय करावं?"

"मंग नेम सोडू? चारच दिस उरले!" तिचा आवाज फाटला. "घरी त्याइले काही झालं तं?"

"तुह्ये चार दिस उरले, बाई. याइची उद्याची पहाट बी उरली नाही."

तानुबाई कितीतरी वेळ त्या उघड्या तोंडांकडे पाहत राहिली. अरेरे! ज्याच्या श्वासासाठी तिनं हात पसरले, त्याच हातांनी तिनं एवढ्या जिवांचा श्वास कोंडला होता! परात तशीच उचलून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती कडूबासोबत टोपलीनं शेवाळ काढू लागली. परात घेऊन येणाऱ्या बायांना हात जोडून परतवू लागली.

"मोठी शहाणी!" सरस्वतीबाई उसळली. "तुह्या नवऱ्याले उतार पडला, आता आमचं काऊन अडवून राह्यली?"

तानुबाईनं शेवाळाची भरली टोपली काठावर उपडी केली.

त्याच महिन्यात इंद्रभान गेला. भेटायला आलेल्या बायांत सरस्वतीबाई कुजबुजली, "नेम मोडला, तेच भोवलं." ते तानुबाईच्या कानावर गेलं. पदर डोळ्यांना तसाच ठेवून ती म्हणाली,

"सरस्वतीबाई, माह्या माणसाचं आवूख कणकेत नव्हतं. त्या जिवाइचं मरण मात्र कणकेत व्हतं."

 सरस्वतीबाईनं मान खाली घातली. तिची परात त्यानंतर तळ्यावर दिसली नाही.

बंधूंनो, भगिनींनो, आपलं दुःख खरं असतं, श्रद्धाही खरी असते. पण पाण्याला नको म्हणता येत नाही, आणि त्यातल्या झिंग्याला, गोगलगाईला तर मुळीच नाही. देण्याआधी घेणाऱ्याकडे एकदा निरखून बघावं. ज्यानं दुसऱ्याचा जीव जातो, ते दान नव्हे.