ऐकून तपासलेली

"आता?" त्यानं विचारलं.

तिनं एक बोट वर केलं. एक बोट म्हणजे टक् असा आवाज, दोन बोटं म्हणजे खरखर. मूठ वळली तर सुई अडकली, म्हणजे रेकॉर्ड कामातून गेली. त्यानं वहीत टिंब काढलं आणि पुन्हा तिच्या हाताकडे नजर लावून बसला.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. ती पाळणाघरातून येऊन, हातपाय धुऊन जेमतेम टेकली होती. तिथं बावीस मुलं होती. एकाचं रडं आवरावं तोवर दुसऱ्याचा सूर लागायचा, तिसरं डबा आपटायचं आणि चौथं नुसतंच "मावशी, मावशी" करत मागे फिरायचं. घरी येताना तिला एकच गोष्ट हवी असायची, शांतता. आणि घरी तीन रेकॉर्डी वाट बघत असायच्या.

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सत्तावीस वर्षं होता. त्या पंपांनी त्याचे कान हळूहळू खाल्ले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग गाणं. शेवटी साहेबांनी त्याला तिथून काढून भांडारात बसवलं. कानात यंत्र घातलं की समोरचं बोलणं कळायचं, पण गाणं लावलं तर कुणी कढया घासतंय असं वाटायचं, म्हणून रेकॉर्ड लागली की तो ते काढून ठेवायचा. "दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत," असं तो हसत म्हणायचा. कारण तरुणपणापासून एकेक करून जमवलेल्या रेकॉर्डी कपाटात सव्वाशे झाल्या, तोवर त्या ऐकणारा कान राहिला नव्हता.

सासरी असलेल्या मुलीनं मोबाइलवर विक्रीचं पान काढून दिलं. पहिली रेकॉर्ड विकली त्या दिवशी तो जेवला नाही. पण पुढं त्याला त्यातच गोडी लागली. स्वतःच्या संपल्यावर तो भंगारवाल्यांकडून जुन्या आणायला लागला. त्या धुवायच्या, पुसायच्या, उजेडात तिरप्या धरून ओरखडे बघायचे. भांडारातल्या पगाराला तेवढाच हातभार. मात्र ओरखडा दिसला तरी तो ऐकू येतो की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी कान लागतात, आणि घरात चालते कान दोनच होते.

चार वर्षं ती ऐकत होती. रोज तीन, दोन्ही बाजू.

मग गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, पाळणाघरात गोवराची साथ आलेली असताना, तिनं रेकॉर्ड लावली आणि आवाजाचं बटण हळूच शून्यावर आणलं. तबकडी फिरत राहिली, सुई चालत राहिली, खोलीत मात्र चिडीचूप. समोर तो वही घेऊन बसलेला. तिला वाटलं, आता ओळखेल. त्यानं विचारलं, "ठीक?" तिनं मान हलवली. थोड्या वेळानं खरं वाटावं म्हणून एक बोट वर केलं. त्यानं टिंब काढलं.

एकदाच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण शांततेची चटक वाईट. पुढं आठवड्यातून एकदा, मग दोनदा. कधी चौथ्या गाण्यात खरखर, कधी शेवटाला टक्, सगळं मनचं. कुणाची तक्रार आली नाही, त्यामुळे मनाची बोचही बोथट झाली.

तक्रार आली ती एका मंगळवारी. ती घरात शिरली तेव्हा तो मोबाइल डोळ्यांशी धरून तावातावानं काही लिहीत होता.

"काय झालं?"

"काही नाही गं. एक बाई. म्हणतात, सुई अडकते. मी कळवलंय, तुमचं मशीन तपासून घ्या. आमच्याकडून अशी रेकॉर्ड जातच नाही."

तिनं मोबाइल घेऊन वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, 'माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला आवडतं म्हणून दुसरी बाजू लावून मी औषधं आणायला गेले. दवाखान्यात अडकले. दोन तासांनी आले, तर एकच अर्धा शब्द चालू होता. आईला उठता येत नाही. तिनं उशीत डोकं खुपसलं होतं. तुमच्या पानावर लिहिलंय, प्रत्येक रेकॉर्ड माझ्या पत्नीने पूर्ण ऐकलेली आहे. त्या भरवशावर घेतली होती.'

"हे असं लिहिलंय तुम्ही? पत्नीने ऐकलेली?"

"पहिल्यापासून लिहितो. का? खोटं आहे का?"

ती चहा टाकायला आत गेली. साखर घातली की नाही तेच तिला आठवेना.

शुक्रवारी रेकॉर्ड परत आली. त्यानं ती उजेडात धरली, पुसली, लावली. "ऐक तू. आणि मग सांग त्यांना फोनवर. तुझ्या तोंडून कळलं म्हणजे विश्वास बसेल."

या वेळी तिनं बटण नीट वर नेलं. तिसऱ्या गाण्यात सुई अडकली. अर्धा शब्द, पुन्हा अर्धा शब्द, पुन्हा. तिनं ते लगेच थांबवलं नाही. मिनिटभर ऐकलं. दोन तास म्हणजे अशी किती मिनिटं, हे तिला कळून चुकलं. मग तिनं मूठ वळून वर केली.

त्यानं यंत्र कानात घातलं. "टपालात आपटली असेल."

"नाही."

"अगं, आपटतात. हे लोक पार्सलं फेकतात..."

"अहो, मी ऐकलीच नव्हती," ती त्याच्या डाव्या कानाशी जाऊन म्हणाली. "आवाज बंद करून बसले होते."

"त्या दिवशी?"

"बऱ्याच दिवशी."

त्यानं कानातलं यंत्र काढून पाहिलं, पुन्हा घातलं, जणू ऐकण्यात काही चूक झाली असावी. "माझ्यासमोर बसून?"

"हो."

"शाबास," तो म्हणाला. "बहिऱ्याला फसवायला अक्कल तरी कितीशी लागते!"

ते तिला लागलं. लागायलाच हवं होतं. पण त्याबरोबर चार वर्षांचं साठलेलंही वर आलं. "दिवसभर बावीस पोरं, वर तुमच्या तीन रेकॉर्डी! माझे कान म्हणजे काय धर्मशाळा आहे? कुणीही यावं न् पथारी टाकावी?"

"मग नाही म्हणायचं होतंस."

"कसं म्हणू? पंपघरातून येऊन तुम्ही गाणं लावून बसायचात, तेव्हाचा चेहरा बघितलाय मी तुमचा. एवढं एकच उरलं होतं तुमच्याजवळ. ते कुठल्या तोंडानं काढून घेऊ?"

पुढचे दोन दिवस घरात कामापुरतेच शब्द होते. त्यानं बाईंची माफी मागितली, पैसे परत केले, आणि विक्रीला लावलेल्या सगळ्या रेकॉर्डी पानावरून उतरवल्या. ती ओळही काढली. त्या जागी लिहिलं, 'फक्त डोळ्यांनी तपासलेली.' संध्याकाळी तो एकटाच तबकड्या पुसत बसे. तिला हवी होती तितकी शांतता मिळाली. पण ती अंगाला लागेना.

तीन आठवड्यांनी तो भंगाराच्या गठ्ठ्यातून तीच रेकॉर्ड घेऊन आला, दुसरी प्रत. त्या बाईंसाठी सगळी दुकानं पालथी घातली होती त्यानं. तिला काही म्हणाला नाही. धुवून, वाळवून कपाटाला टेकवून ठेवली.

रविवारी सकाळी तिनंच ती उचलली. "लावा. रोज तीन जमणार नाही मला. रविवारी एक ऐकेन. पण ऐकेन."

त्यानं मान हलवली आणि वही घेतली.

ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली. पहिली बाजू झाली, दुसरी सुरू झाली. तिसरं गाणं आलं तेव्हा तिनं श्वास रोखून धरला. गाणं पुढं गेलं. सगळं संपल्यावर, त्यानं यंत्र कानात घातलं तेव्हा ती म्हणाली, "दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या गाण्यात एकदा टक्. बाकी स्वच्छ."

त्यानं लिहून घेतलं. वही मिटली. मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि... कसं आहे?"

"काय?"

"गाणं."

चार वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं. आठवून आठवून ती त्याच्या कानाशी बोलली, "बाई गातेय. दमलेली वाटते. शेवटच्या गाण्यात वर चढताना दम पुरत नाही तिला. श्वास घेतल्याचं ऐकू येतं. पण चढते."

"श्वास ऐकू येतो?"

"स्पष्ट."

तो रेकॉर्डच्या कव्हरकडे बघत राहिला. "ही माझ्याकडे होती पूर्वी. कितीदा ऐकली असेल. श्वास नाही आला मला कधी ऐकू." आणि मग, स्वतःशीच, "तेव्हाच गेले होते म्हणायचे कान."

खुर्चीतच तिनं मान मागे टेकली, आणि आठवड्याचा शीण एकदम अंगावर आला. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली ती कर्कश आवाजानं. डोळे किलकिले करून तिनं पाहिलं. खिडकीचा पडदा ओढलेला होता, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, कानातलं यंत्र काढून शेजारी ठेवलेलं. रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांत ठेवून त्यावर चिकटपट्टी लावत होता. झोपमोड होऊ नये म्हणून कात्री अलगद उचलत होता, पुठ्ठा अलगद वळवत होता, अगदी चोरपावलांनी वावरावं तसा. आणि चिकटपट्टीचं रीळ हातभर ओढताना ते घरभर किंचाळत होतं.

पट्टी तोडून त्यानं हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती गाढ झोपली आहे, अशी खात्री करून घेतली.

तिनं डोळे मिटूनच ठेवले. त्यानं पुन्हा रीळ ओढलं.