बाराच्या घंटेचा बॉक

सकाळी सकाळी केळीच्या बागेतून एखादी बाई "स्ट्राइक!" म्हणून कोकलली, तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? आमच्या पापडीतल्या शेजाऱ्यांनी मम्मीला रस्त्यात गाठून विचारलं, "हिल्डा, कोणाचा स्ट्राइक आहे गं? रिक्षावाल्यांचा का?" मम्मी म्हणाली, "नाही, माझ्या ज्युलीचा. लग्नाविरुद्ध." तेव्हापासून गावात माझं नाव स्ट्राइकवाली पडलं. पडू दे. मी शाळेत पीटी शिकवते, पोरांनी ठेवलेली याहून वाईट नावं मला ठाऊक आहेत.

मला बेसबॉलची अंपायर व्हायचं होतं. राज्याच्या पॅनेलवरची, बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे उभी राहणारी. लेखी परीक्षा मी केव्हाच पास झाले होते. नियमांचं पुस्तक मी इतकं वाचलं होतं की मम्मी म्हणायची, एवढं बायबल वाचलं असतंस तर आतापर्यंत सिस्टर झाली असतीस. अडलं होतं ते प्रॅक्टिकलला. खऱ्या सामन्यात उभं राहायचं आणि परीक्षकाने मागून बघायचं. आमचे परीक्षक विलास सर, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारे, स्वतः जुने अंपायर. गोड बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

पहिल्यांदा मी नापास झाले ती छातीच्या पॅडमुळे. अंपायरचं सगळं सामान पुरुषांच्या मापाचं. शर्टाच्या आत घातलेला तो पॅड प्रत्येक चेंडूला वर सरकून माझ्या हनुवटीला भिडायचा आणि मी तो खाली ओढत बसायचे. सर म्हणाले, "तुझं लक्ष चेंडूपेक्षा पट्ट्यात जास्त आहे." मम्मीने घरी तो पॅड उलटा टाकला, पप्पांच्या जुन्या बॅगेचे पट्टे कापून पाठीमागे शिवले आणि म्हणाली, "आता हलला तर मला सांग."

दुसऱ्यांदा पॅड हलला नाही, मी हलले. एका जवळच्या चेंडूवर माझा निर्णय उशिरा आला, कारण बॅटरचा बाप जाळीला लागून उभा होता आणि मी त्याच्याकडे बघितलं. सरांनी मला बाजूला घेतलं. "ज्युली, तू चेंडू बघून ठरवतेस आणि माणसं बघून बोलतेस. हे जाईपर्यंत पॅनेल विसर." मला त्यांचा असा राग आला होता! रिक्षात बसून रडले, सांगायला लाज कसली. घरी येईपर्यंत एवढंच कळलं की राग त्यांचा नव्हता. ते खरं बोलले होते, त्याचा होता.

मग सुरू झाला बॅप्टिस्ट अंकलच्या वाडीतला सराव. अंकल आमचे शेजारी, त्यांचा रॉकी पापडीच्या संघाचा पिचर आणि ब्रिटनी, त्याची बहीण, कॅचर म्हणून कोणालाही भारी. केळीच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत आम्ही होम प्लेट ठेवली. रॉकी टाकायचा, ब्रिटनी झेलायची आणि मी तिच्या मागे वाकून चेंडू बघायचे, प्लेटवरून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. मास्क काढायचा तो डाव्या हाताने, कारण उजवा हात निर्णयाचा. स्ट्राइकला उजवा, आउटला उजवा. झोपेतसुद्धा हात बरोबर उठेपर्यंत मी ते घोटलं. अंकल दुरून ओरडायचे, "हळू गं बाय, माझी केळी घाबरून पिकायची!"

फुकट कोणी कोणासाठी इतके चेंडू टाकत नाही. बदल्यात मी रॉकीला नियम शिकवले, त्यातही एक खास, कारण त्याला टाकता टाकता अडखळायची खोड होती. बेसवर रनर असताना पिचरने चेंडू टाकायची हालचाल सुरू केली की तो टाकलाच पाहिजे. मध्येच थांबला तर त्याला बॉक म्हणतात, आणि प्रत्येक रनरला पुढचा बेस आयता मिळतो. मी रोज कानीकपाळी ओरडायचे, "रॉकी, हललास की टाक! भूकंप झाला तरी टाक!" तो हसायचा. "हो दीदी, त्सुनामी आली तरी टाकतो."

तिसरी परीक्षा आमच्याच गावात आली. चर्चच्या मागच्या मैदानावर स्पर्धेची फायनल, पापडी विरुद्ध नायगाव. प्लेटमागे मी, बेसवर दुसरा अंपायर मर्विन. सर जाळीमागे प्लास्टिकच्या खुर्चीत. पापडीचा सामना पापडीच्या पोरीने बघायचा, यावर मीच आधी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुला माणसं बघायची सवय आहे ना? मग ओळखीचीच माणसं बघ."

सामना सकाळचा होता. पण प्रमुख पाहुण्यांनी माइक धरला. खेळाचं महत्त्व, मोबाइलचे तोटे, त्यांच्या लहानपणीचा विटीदांडू, सगळं झाल्यावर त्यांना आठवलं की बेसबॉल अजून बाकी आहे. माझा पारा चढला होता, पण मास्कच्या आत कोणाला दिसतो?

खेळाआधी दोन्ही कॅप्टनना प्लेटपाशी बोलावून मैदानाचे खास नियम सांगायचे असतात. नायगावचा कॅप्टन सुमेध नवीन होता, म्हणून मी नीट सांगितलं. चेंडू नारळाच्या कुंपणापलीकडे गेला तर दोन बेस. कामिनी चहावालीच्या टेबलाला लागला तर डेड, म्हणजे तिथेच खेळ थांबला. मैदानात कुत्रा आला तर टाइम, म्हणजे खेळ थांबला, आणि टाइम मी हात वर करून देणार. आमच्याकडे काळा कुत्रा कायम येतो. कुत्रा माझ्या लक्षात राहिला. देव राहिला नाही.

शेवटची इनिंग. बरोबरी. नायगावची बॅटिंग, दोघे आउट, थर्ड बेसवर रनर. तो घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला की नायगाव जिंकलं, हा बॅटर आउट झाला की खेळ पुढे. सगळं गाव दोरीपाशी उभं. रॉकी उत्तम टाकत होता, आणि मी, माझं मलाच कळत होतं, उत्तम बघत होते. एकाही चेंडूला माझी नजर जाळीकडे गेली नव्हती.

रॉकीने दोन्ही हात छातीशी जोडले. थांबला. पाय उचलला.

आणि चर्चची बाराची घंटा झाली.

आमच्याकडे ही घंटा कोणी ऐकत नाही, ती अंगात असते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, ती झाली की हातातलं काम थांबवून प्रार्थना. वाडीत पाणी सोडणारा माणूस पाइप खाली ठेवतो, मासे निवडणारी बाई सुरी ठेवते आणि क्रुसाची खूण करते. रॉकीचा पाय खाली आला. त्याने डाव्या हाताने टोपी काढली आणि उजव्या हाताने, चेंडू मुठीत तसाच, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. दोरीपाशी सगळे हात एकदम उठले. मर्विनचे तर डोळेच मिटलेले.

माझाही उजवा हात निघाला होता. बोटं मास्कच्या जाळीवर आपटली तेव्हा मी भानावर आले.

"बॉक!" माझाच आवाज होता. घंटा चालू असतानाच तो बाहेर पडला, केळीच्या बागेत पडायचा तसा. मी डाव्या हाताने मास्क काढला, उजव्याने थर्ड बेसकडे बोट केलं आणि मग होम प्लेटकडे. नायगावचा रनर गोंधळून उभाच राहिला. त्याला ओरडून घरी बोलवावं लागलं.

सुमेध धावत आला आणि हळूच विचारलं, "मॅडम, तो नमस्कार कोणाला करत होता?"

पण त्याच्या मागून सगळी पापडी येत होती. पुढे बॅप्टिस्ट अंकल. ते रागावलेले नव्हते, उलट समजूत घालत होते, आणि तेच जड गेलं. "ज्युली, पोरी, तुझा हात वर होता. आम्ही सगळ्यांनी बघितला. टाइमच दिला होतास ना तू? तसं सांग, बॉल परत टाकू दे." मागून पन्नास जण म्हणाले, हो, हात वर होता, टाइम होता. खरंच होता. माझा हात वरच होता. नुसतं हो म्हणायचं होतं. सरांना मागून काय दिसलं असेल ते देव जाणे, मला खोटं ठरवायला कोणीही पुढे येणार नव्हतं. रॉकी पिचरच्या उंचवट्यावर टोपी हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"नाही, अंकल," मी म्हणाले. "तो हात देवासाठी होता. टाइमसाठी नव्हता. आणि रॉकी त्याच्या आधी थांबला."

"म्हणजे देवाचं नाव घेतलं तर फाउल?"

"देवाचं नाव घेतलं म्हणून नाही. चेंडू टाकला नाही म्हणून."

मग काय, लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? नायगावच्या सरांना खूश केलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. हिच्यासाठी पोराने वर्षभर हात दुखवला, आणि हिने त्याचाच घात केला. हे शेवटचं मला सगळ्यात लागलं, कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता. अंकल वळले आणि रॉकीला घेऊन गेले. पॅड मात्र जागचा हलला नाही.

मैदान रिकामं झाल्यावर सर आले. मी म्हटलं, "सर, बोला. आज काहीही ऐकायची तयारी आहे."

"कॉल बरोबर. वेळेवर. या वेळी तू माणसं बघितली नाहीस. पास."

मी थँक्यू म्हणणार तेवढ्यात ते म्हणाले, "पण उशीर झालाच. कॉलला नाही, त्याच्या आधी. बाराला घंटा होते हे पापडीच्या पोरीला नायगावच्या माणसाने सांगायचं का? त्याने पाय उचलायच्या आधी तू टाइम घेतला असतास तर बॉकही नव्हता आणि भांडणही नव्हतं. नियम पुस्तकात असतात, ज्युली. मैदान तुझ्या अंगात होतं आणि तुला ते दिसलं नाही."

इतक्या वर्षांनी पास झाले आणि रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलं. पहाटे मी मास्क आणि पॅड घेऊन निघाले तेव्हा मम्मी चुलीपाशीच होती. "जातेस?"

"जाते."

"कोणी आलं नाही तर?"

"तर केळींना सांगेन."

वाडीचं गेट बंद असेल असं मी धरून चालले होते. ते उघडं होतं. अंकल पाठमोरे बसून सुकी पानं काढत होते. त्यांनी मान वळवली नाही. "गेट ओढून घे," ते म्हणाले, "काळा कुत्रा आत येतो." एवढंच. मला त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, पण मी गेट ओढून घेतलं.

ब्रिटनी प्लेटमागे बसलेली होती. रॉकी समोर उभा होता, चेंडू हातात फिरवत, माझ्याकडे न बघता. मी पट्टे आवळले, मास्क चढवला आणि तिच्या मागे वाकले. पहिला चेंडू बाहेरून गेला. "बॉल!" तो कुरकुरला, "दीदी, स्ट्राइक होता." मी म्हटलं, "बॉल." बरं वाटलं, त्याला कुरकुरावंसं वाटलं म्हणून.

काही चेंडू झाले. केळींच्या शेंड्यांवर उजेड येऊ लागला होता. रॉकीने हात छातीशी जोडले, आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसले. आज काहीही झालं तरी टाकायचंच, असं तो ठरवून आला होता.

त्याने पाय उचलायच्या आधी मी दोन्ही हात वर केले. "टाइम!"

"आता काय झालं?" रॉकी चिडला.

सहाची घंटा सुरू झाली.

ब्रिटनीने ग्लोव्ह खाली ठेवला. अंकल पानं सोडून उभे राहिले. मी डाव्या हाताने मास्क काढला आणि या वेळी बोटं थेट कपाळाला लागली. रॉकीने टोपी काढली, चेंडू आधी खिशात टाकला आणि मग खूण केली.

घंटा थांबली तरी तो तसाच उभा होता. मग त्याने विचारलं, "काल हे हात कुठे होते, दीदी?"

"काल उशीर झाला, रॉकी," मी म्हणाले. "परत नाही होणार."

त्याने टोपी घातली, खिशातला चेंडू काढला आणि हात छातीशी जोडले.

मी मास्क चढवला, वाकले आणि सगळ्या पापडीला ऐकू जाईल असं ओरडले, "प्ले!"