मिल्ट्रीनं सोडून दिलेला माणूस

साळूबाईनं मीठ-मिरच्या लेकावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका काही उठला नाही.

"बघा, केवढी नजर लागल्ती!"

कल्याण पाय फाकवून बाजेवर बसला होता. काल सकाळी भोकरदनच्या एसटीत चढलेला माणूस आज दुपारी उगवला. फोन बंद, तोंड उतरलेलं. इकडं गावात, हसनाबादेत, रात्रभर शोधाशोध झाली होती. शेजारच्या भिवाचं तर ठरलेलंच होतं. परग्रहावरून येणारी यानं आणि मिल्ट्री आतून एक आहेत, माणसं उचलून नेतात, तपासतात अन् सोडून देतात, असले व्हिडिओ तो गावभर दाखवत फिरायचा.

"मिल्ट्रीनंच नेल्तं ना?" त्यानं विचारलं.

कल्याणनं झटकन मान डोलावली.

"हिरवे कपडे. तोंडं बांधलेली," तो खाली बघत म्हणाला. "टेबलावर निजवलं. डोक्यावर हा एवढा लाइट. मंग सुई टोचली."

"अगं माय!"

"अन् सोडताना?" भिवा पुढं सरकला.

"म्हनले, आठ दिवस वजन उचलू नको."

पाणी घेऊन आलेली तृप्ती, त्याची बायको, उंबऱ्यातच थांबली.

तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर खरं नाही, असं डॉक्टरीण म्हणाली होती. अंगात रक्त नाही, तेव्हा मुलं बंद करायचं ऑपरेशनही तिला धोक्याचंच. तरी साळूबाईनं दुसऱ्या दवाखान्यात तिच्या ऑपरेशनसाठी सोमवार ठरवून टाकला होता. "माणसाचं ऑपरेशन सोपं असतं," असं सिस्टरनं सुचवलं, तर सासूबाई कडाडल्या, "माझ्या लेकाला नामर्द करता का?" कल्याण गपचूप उठून बाहेर गेला होता. त्याचा राग तृप्तीनं आजवर पोटात ठेवला होता.

बाकीचे सगळे ओट्यावर गेले, तसं तिनं दार लोटलं.

"मिल्ट्रीनं गोळ्या दिल्या असतील ना?"

कल्याणनं दार नीट लागलंय का बघितलं. मग त्यानं खिशातून पुडी काढली.

"तीन महिने सांभाळून राहा म्हनले."

"अन् रात्री?"

"चक्कर आल्ती. ठेवून घेतलं. मायला सांगू नको. गावात तोंड दाखवता येनार न्हाई."

"अहो, मला तरी सांगायचं! जीव टांगणीला लागल्ता माझा."

"सांगितलं असतं तर माझाच धीर झाला नसता."

तृप्तीनं पदर तोंडात कोंबला. हसू होतं का रडू, तिचं तिलाच कळेना. पण कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

"तृप्ती," बाहेरून साळूबाईनं हाक मारली, "सोमवारी तुला कोन नेनार आता?"

तृप्ती डोळे पुसून ओट्यावर आली.

"आत्याबाई, त्याच रस्त्यानं? यांना धरलं तसं मला धरलं तर लेकरांचं कोन बघंल?"

साळूबाईनं कानाला हात लावला.

"नको गं बाई! बिलकुल जायचं न्हाई."

भिवानं फोन समोर धरला.

"वहिनी, यान कसलं होतं म्हनला तो?"

"लाल होतं म्हनत्यात," तृप्ती गंभीरपणे म्हणाली. "खिडक्याच खिडक्या."