उण्णीनक्काचा रिकामा खिसा

मत्सर करणं आमच्या पारक्कुन्न गावात पाप समजतात, म्हणून लोक तो घरात, दार लावून करतात. उण्णीनकुट्टीने तो भर मैदानात केला, आणि तोही अकरा वर्षांच्या पोरीचा.

भाताची कापणी झाली की आमच्याकडे त्याच शेतात सुपारीच्या खोडांची गॅलरी उभी राहते आणि सेव्हन्स फुटबॉलची स्पर्धा सुरू होते. सात विरुद्ध सात, लहान मैदान, धक्काबुक्की भरपूर. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि स्पर्धेत माइकवर समालोचन करतो. ऐकत दोन्हीकडे कुणी नाही, पण मैदानात निदान माइक असतो.

उण्णीनकुट्टी, म्हणजे गावाचा उण्णीनक्का, सुपारीच्या झाडावरून पडला तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणारं आमचं एक मंडळ आहे, सगळे त्याला नुसतं पॅलिएटिव्ह म्हणतात. तिकिटांचा पैसा त्यांनाच जातो, त्यामुळे त्यांच्या रुग्णांच्या खुर्च्या दोरीच्या आत, अगदी रेषेला लागून लावतात. पंचायतीच्या अध्यक्षालाही तिथे बसता येत नाही. त्याने दोनदा बसून पाहिलं, दोनदा उठवला गेला.

मूनलाइट संघाचा क्वाबेना घानाचा. तीन मोसमांपूर्वी पहिल्याच सामन्यात पंचाने त्याला गळ्यातली साखळी काढायला लावली, आणि ती ठेवायची कुठे म्हणून त्याने समोर दिसलेल्या उण्णीनक्काच्या शर्टाच्या खिशात टाकली. वरून खिशावर थोपटलं. "इक्का, सांभाळ." इक्का म्हणजे आमच्याकडे मोठा भाऊ. त्या दिवशी त्याने तीन गोल केले. मग तो रिवाजच पडला. सामना संपला की साखळी परत घ्यायला येणार, शेजारी मांडी घालून बसणार, 'पाठीचं कसं आहे' विचारणार, उण्णीनक्काच्या डब्यातली पत्तिरी, म्हणजे तांदळाची पातळ भाकरी, खाणार. चहाच्या टपरीवर "तो झाडावरून पडलेला" म्हणून ओळखला जाणारा माणूस "क्वाबेनाचा खिसा" झाला. त्याला बढतीच म्हणायची.

"निकाहच्या दिवशी सुद्धा शर्टाला इतकी इस्त्री नव्हती," त्याची बायको कदिया सांगायची.

यंदाच्या उपांत्य सामन्याला पॅलिएटिव्हच्या बापुट्टीने अकरा वर्षांच्या रिन्शाला आणलं. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. जीभ मात्र अतिशय आज्ञाधारक. क्वाबेना नेहमीसारखा रेषेकडे आला. उण्णीनक्काने छाती पुढे काढली. क्वाबेनाने रिन्शाला पाहिलं, खाली बसून तिच्याशी काहीतरी बोलला, तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि मैदानाला पूर्ण फेरी मारली. गॅलरी एवढी हादरली की ती बांधणारा सुतार तिच्याखाली धावत आला. मग त्याने साखळी तिच्या गळ्यात घातली. उण्णीनक्काकडे बघून अंगठा उंचावला आणि खेळायला गेला.

उण्णीनक्काची छाती तशीच पुढे राहिली. कुणी सांगितल्याशिवाय मागे घ्यायची पद्धत त्याला माहीत नसावी.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. रिन्शा, क्वाबेना आणि कोपऱ्यात उण्णीनक्काच्या खुर्चीचं अर्धं चाक.

"पोरींना एवढ्या उशिरापर्यंत जागवणं बरं नाही," टपरीवर तो म्हणाला.

"तिला मजा आली, उण्णीनक्का."

"मजा कसली? तिला ऑफसाइड म्हणजे काय ते तरी कळतं का?"

"सेव्हन्समध्ये ऑफसाइड नसतोच," मी म्हणालो.

"मास्तर, तुम्ही कॉलेजातच बोला."

अंतिम सामना मूनलाइट विरुद्ध फ्रेंड्स. बापुट्टी खुर्ची रेषेकडे ढकलू लागला तसा उण्णीनक्का म्हणाला, "तिकडे नाही. पलीकडे ने."

"पलीकडे फ्रेंड्सचा बाक आहे."

"मला डोळे आहेत. पाय नाहीत."

बापुट्टीने मैदानाला वळसा घालून त्याला शत्रूच्या बाजूला नेऊन ठेवलं. फ्रेंड्सचा मॅनेजर हरखला. त्यांचा बचावपटू जंशीर, दरवाजाएवढा माणूस, त्याने लगेच मनगटावरचं घड्याळ काढून उण्णीनक्काच्या खिशात टाकलं. उण्णीनक्का खिसा पुढे करून समोरच्या रेषेकडे बघत राहिला. गद्दारी झाली होती. आता फक्त ती दिसायला हवी होती.

दिसली. क्वाबेना धावतच आला. उण्णीनक्काने मान वळवून घेतली आणि मनधरणीची वाट पाहू लागला.

"इक्का, आज इकडे?" क्वाबेना हसला. "छान! यांची बिर्याणी चांगली असते. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावात मीपण यांच्याकडूनच खेळलो." खांद्यावर थोपटलं आणि गेला.

आमच्या सेव्हन्समध्ये खेळाडू आज या संघात, उद्या त्या संघात. बाजू बदलल्याचं त्यांना काय वाटणार? तीन रात्री उशी भिजवून ठरवलेली फितुरी उण्णीनक्काने नेमकी अशा माणसाला दाखवली होती, ज्याने त्याच मोसमात पाच जर्सी घातल्या होत्या.

समोरून रिन्शाचा आवाज आला. मैदान लहान, पोरीचा गळा मोठा. "उण्णीनक्का, तुमची रेषा चुकली! म्हातारपणी असं होतं!"

"कार्टीला फूस आहे," उण्णीनक्का दात खाऊन म्हणाला.

उत्तरार्धात, बरोबरी असताना, क्वाबेना चेंडू घेऊन याच रेषेवरून सुटला. मागून जंशीर आला. उण्णीनक्का ओरडला, "क्वाबेना, मागे बघ!" मी माइकवर तेच म्हणत होतो, पण त्याचा आवाज माझ्याहून मोठा होता. उशीर झाला. क्वाबेना उण्णीनक्काच्या चाकापाशी कोसळला आणि घोटा धरून लोळू लागला.

उण्णीनक्काने खिशातून घड्याळ काढलं आणि जंशीरच्या पाठीत हाणलं.

"अरे, हा कुणाचा माणूस आहे?" फ्रेंड्सचा मॅनेजर किंचाळला. पंचाचा हात कार्डाकडे गेला, खुर्ची पाहून थांबला, मग त्याने ते जंशीरला दाखवलं. बाकावरच्यांनी उण्णीनक्काला तिथे ठेवून घ्यायला नकार दिला. शेवटी स्ट्रेचरवरून क्वाबेना आणि त्याच्या मागे खुर्चीतून उण्णीनक्का, अशी वरात मैदानाच्या मधून पलीकडे निघाली. लोक टाळ्या वाजवत होते. उण्णीनक्काने त्यातल्या निम्म्या हात हलवून स्वीकारल्या.

घोट्याला बर्फ बांधून क्वाबेनाला पॅलिएटिव्हच्या जादा खुर्चीत बसवलं, उण्णीनक्का आणि रिन्शाच्या मध्ये. सामना बघायला पुढे सरकावं म्हणून त्याने एकच चाक ढकललं आणि तो गर्रकन फिरून गॅलरीकडे तोंड करून बसला.

"दोन्ही हात एकदम!" रिन्शा म्हणाली.

"तू गप्प बस, तुझी खुर्ची तर बापुट्टी ढकलतो," उण्णीनक्का म्हणाला. "क्वाबेना, माझ्याकडे बघ. ही कडी. ही पकड."

"त्याला आधी वळायला शिकवा!"

"आधी थांबायला शिकवतात!"

"तुम्हाला कुठे थांबता येतं? पलीकडे पोचलात की!"

क्वाबेना आळीपाळीने दोघांकडे बघत होता. "इक्का, दुखतंय," तो म्हणाला. दोघांनी त्याला एकदमच धीर दिला, वेगवेगळा.

सामना पेनल्टीवर गेला. मी घसा फाडून एकेक फटका सांगत होतो. रेषेवरच्या तिघांपैकी एकानेही मैदानाकडे पाहिलं नाही. क्वाबेनाच्या खुर्चीचा डावा हात उण्णीनक्काने धरला होता आणि आपल्याकडे ओढत होता. उजवीकडून रिन्शाच्या हुकमावरून बापुट्टी ओढत होता.