बंबातला विस्तव

सुरुचीने पाइपच्या तोंडावरची वीट ओढली, तसा धुराचा लोळ गच्चीवर उठला. ती खोकत मागे सरली. विटेच्या खालच्या अंगाला काळा, चकचकीत थर चढला होता, डांबर ओतल्यासारखा. नखाने खरवडला तरी निघेना.

"ए बहू, सँभल के! गिर जइबू!" शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी मिसराइन ओरडली. "बनरा सब धइ गयल होइहैं ईंटा. कुच्छो नाहीं छोड़तन!"

माकडंच वीट ठेवून गेली असणार. सुरुचीने बांबूच्या टोकाला तारेचा ब्रश बांधला होता, तो पाइपात घातला. खाली न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबापासून वर येणारा हा पाइप चांगला रुंद होता, पण आता धुराला त्यात बोटभर वाट उरली होती. कस्तुरीला मांडीवर निजवताना तिने मोबाईलवर वाचलं होतं : कोंडलेला धूर गार पत्र्यावर गोठतो, त्याचं क्रिओसोट नावाचं डांबर होतं आणि एखादी ठिणगी लागली की सगळी नळीच पेटते. तोवर तो धूर घरातच परततो. थंडी पडल्यापासून पोरीची छाती वाजत होती. "घर में धुआँ तो नहीं होता?" डॉक्टरांनी विचारलं होतं. ती तोंड उघडायच्या आत तिच्या नवऱ्याने, देवव्रतने, "नहीं नहीं" म्हणून टाकलं होतं. वडिलांच्या बंबाबद्दल तो कधीच काही बोलत नसे.

ती जोर लावून खरवडू लागली. जळक्या पापडासारखे तुकडे पायाशी पडत होते.

जिन्यात पावलं वाजली. पंचगंगा घाटावर गंगेत धोतर धुऊन आलेले अप्पा ते वाळत घालायला वर आले होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग विटेकडे.

"ती का काढलीस?"

"तुम्ही ठेवली होती?"

"मग काय माकडांनी?"

"अप्पा, धूर सगळा घरात येतो. कस्तुरी..."

"टालवाला वखारीतून ओली लाकडं देतो. बदमाश आहे."

"लाकडाचं नाही हो हे. वर झाकलं की विस्तव नुसता धुमसत राहतो. दिवसरात्र एवढं पाणी कोणाला लागतं? आणि गीझर आहे ना."

"हो, गीझरच्या पाण्यानं अंघोळ करून पूजेला बसतो! बरं शिकवलंय तुम्हाला कॉलेजात."

ब्रश तसाच पाइपात अडकला होता. अप्पांनी धोतर दोरीवर टाकलं, झटकलं, पुन्हा झटकलं. मग खाली वाकून एक काळा तुकडा उचलला.

"तिला पहाटे गुडघे शेकायला पाणी लागायचं," ते म्हणाले. "वीट ठेवली की विस्तव रात्र काढतो. तिनंच दाखवलं होतं. कठड्यापाशी उभी राहून सांगायची, जरा इकडं सरकवा, जरा तिकडं."

"आई श्रावणात गेल्या, अप्पा."

"मला ठाऊक आहे गं कधी गेली ते."

तुकडा त्यांच्या बोटांत चुरला. काळी बोटं ते पाहत राहिले.

"उठल्यावर आधी बंबाला हात लावून बघतो," ते हळूच म्हणाले. "गरम असतो."

खालून कस्तुरीचा खोकला आला. एक उबळ, मग दुसरी, मग श्वास अडकल्यासारखी शांतता. सुरुची ब्रश सोडून जिन्याकडे धावली. रडणं ऐकू येईपर्यंत अप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

पोरीला खांद्यावर घेऊन ती खाली येरझाऱ्या घालत असताना वर खरवडल्याचा आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला.

त्या संध्याकाळी बंब धडधडून पेटला. पाइपातून धूर सरळ वर गेला. जेवणाआधीच लाकडं जळून राख झाली. वीट पुन्हा कोणी ठेवली नाही.

पहाटे सुरुची जागीच होती. कस्तुरीच्या छातीवर तळवा ठेवून ती श्वास ऐकत होती. आज घरघर कमी होती. न्हाणीघराचं दार कुरकुरलं. नेहमी लगेच तांब्याचा आवाज यायचा. आज काहीच आलं नाही; बंब गार पडला असणार.

बऱ्याच वेळाने पावलं तिच्या दारापाशी येऊन थांबली.

"सुरुची, जागी आहेस?"

"काय हो अप्पा?"

"काडेपेटी कुठं असते गं आपल्याकडे?"